पिवळी रेघ, पांढरी रेघ

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला गेला. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो, आणि बाबा अजून म्हणतात की तो गळत नाही. त्यांच्या काठीच्या टोकाचं रबर झिजलं होतं, ते मी बदललं. तुझ्या गोदामात आता थंडी वाजत असेल. आईने विणलेला स्वेटर तू घालत नाहीस हे तिला ठाऊक आहे. तसं तुला कळवायला तिने सांगितलं आहे, म्हणून कळवते.

बातमी एकच. काल मी बेडकाचं इंजिन उतरवलं. घरी, आपल्या शेडमध्ये, पहिल्यांदाच.

हसू नकोस. मी आजवर इंजिनं पाहिली ती कॉलेजातली, मधोमध कापलेली, आतून लाल-निळी रंगवलेली, तेलाचा थेंब नसलेली. आणि नोकरी म्हणजे लोकांच्या मोजपट्ट्या, वजनकाटे आणि टॉर्क पाने बरोबर दाखवतात की नाही हे तपासून वर शिक्का मारणं. त्यात नखं काळी होत नाहीत. आज माझी काळी आहेत आणि रॉकेलने धुऊनही निघालेली नाहीत. कागदाच्या कडेला डाग दिसेल, तो त्याचाच.

उतरवायचं कारण असं, की बाबांनी बेडूक भंगारात द्यायचं ठरवलं. उद्या भंगारवाला टेम्पो घेऊन येणार आहे.

मी म्हटलं, "इंजिन मला राहू दे. प्रयोगशाळेत शिकाऊ मुलांना उघडून दाखवायला होईल."

"आख्खं जाऊ दे," बाबा म्हणाले. "त्यात बघण्यासारखं काय उरलंय?"

"उतरवता आलं तर ठेवते. नाही आलं तर जाऊ दे आख्खं."

"तुला नाही जमायचं, फूटपट्टी."

"मग तर हरकतच नको."

यावर ते काठी टेकत वळले. आत गेले, रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

ताडपत्री तू गेल्यापासून कोणी काढली नव्हती. आपली हिरवी एटीव्ही, जाड चाकांची चारचाकी फटफटी, जी टेकडीवरच्या पंपापर्यंत उड्या मारत जायची म्हणून तू तिला बेडूक म्हणायला लागलास, ती अपघातानंतर शेजाऱ्यांनी ओढत आणून उभी केली तशीच उभी होती. हँडल वाकलेलं, डावं मडगार्ड नाही, आणि चेन मागच्या दातेरी चक्रात अशी रुतलेली की बोटाने हलेना. चेन पाहून मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले. मग परत आले.

तुझ्या पद्धतीने सुरुवात केली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर. मग तेल खाली काढलं. मग सीट, मडगार्ड, टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर. सायलेन्सरचा एक नट गंजून एकजीव झाला होता, त्यावर तेल सोडलं आणि तो विचार करेपर्यंत बाकीचं केलं. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. आई टॉर्च धरायला आली ती चिठ्ठ्या वाचत बसली.

"हे सगळं परत बसवणार आहेस का तू?"

"नाही."

"मग चिठ्ठ्या कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. "माझी फडताळंसुद्धा एकदा अशी लावून दे," ती म्हणाली. "निदान तिथून काही बाहेर काढायचं तरी असतं."

शेजारच्या सुतारकाकांकडून चेनपुली आणली आणि शेडच्या आडव्या तुळईला अडकवली. तुळई भार घेईल का, हे मी आकडेमोड करून पाहिलं. आईने तुळईला लोंबकळून पाहिलं. दोघींची उत्तरं जुळली.

इथवर बाबा फिरकले नाहीत. आत रेडिओ चालू होता. बातम्या, गाणी, परत बातम्या. एरवी ते गाण्याबरोबर गुणगुणतात. काल गुणगुणत नव्हते.

इंजिन चासीला चार ठिकाणी धरलेलं असतं, हे तुला मी सांगायला नको. वर एक, पुढे दोन, मागे खाली एक. मागचा लोखंडी गार्डच्या आड आहे, गार्ड काढल्याशिवाय दिसत नाही. अपघातानंतर ते गार्ड कोणी काढलेलं नव्हतं. मी आधी वरचा आणि पुढचे दोन घेतले. नटांवर चिखल वाळून दगड झाला होता. तो खरवडला, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं.

आपल्या घरातल्या रेघा मी इतक्या दिवसांत विसरले होते. बोल्ट आवळला की नटावरून चासीवर रंगाची एक रेघ ओढायची, म्हणजे नंतर नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. हे सगळीकडे करतात. पण ज्याचा त्याचा रंग ठरलेला, तुझा पिवळा, माझा नेलपॉलिशचा लाल, आणि काम बघून झालं की शेजारी बाबांची पांढरी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. कामावर एकदा सांगितलं तर सगळे हसले. माझ्या सायकलच्या सीटखाली पांढरी रेघ आल्याशिवाय मला सायकल मिळत नसे. पांढरी म्हणजे मी पाहिलं, बरोबर आहे.

तिन्ही नटांवर तुझी पिवळी रेघ होती. शेजारी पांढरी. तिन्ही ठिकाणी दोन्ही अखंड. गाडी उतारावरून कोलांट्या खात गेली तरी.

सोडवण्याआधी मी तुझा टॉर्क पाना लावला, ठरलेल्या ताणाला टक् वाजणारा, मी तुला वाढदिवसाला दिलेला. तो अजून त्याच्या डब्यात आहे. दर वर्षी मी तो कामावर नेऊन तपासून आणते, का ते विचारू नकोस. ठरलेल्या आकड्यावर लावला आणि आवळून पाहिलं. तिन्ही वेळा नट हलायच्या आधी पाना टक् वाजला. म्हणजे तू जेवढा ताण दिला होतास तेवढा अजून तिथे होता.

हे वाचून कागद खाली ठेवला असशील तर परत उचल. पुढे आहे.

वर लिहिलं ते खरं आहे, पण सगळं नाही. इंजिन मला कशालाही नको आहे.

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं, ते आईने जेवताना मोठ्याने वाचलं. तू लिहिलंस की गोदामात देखभालीच्या कामावर तुला घेतायत, लिफ्ट आणि माल वाहणारे पट्टे सांभाळायला, आणि तू नाही म्हणणार आहेस. "माझ्या हाताखालून गेलेल्या यंत्रावर कोणी उभं राहावं असं मला वाटत नाही. डबे मोजतो तेच बरं आहे." आई तिथे थांबली. चष्मा काढून पुसला, परत घातला, पण पुढे वाचलं नाही.

मी म्हटलं, "बेडूक एकदा उघडून बघायला हवा. नेमकं काय झालं ते आजवर कोणी पाहिलेलंच नाही."

बाबांनी ताट सरकवलं. उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि भंगारवाल्याला फोन लावला. ताटात अन्न तसंच होतं.

एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मला शिकवलं गेलं आहे. पण बाबा ताटात टाकत नाहीत.

तर मागचा बोल्ट. मी गार्डला पाना लावला तेव्हा आतला रेडिओ बंद झाला. काठीचा आवाज आला. बाबा दारात उभे राहिले.

"तो राहू दे," म्हणाले.

"कोणता?"

"मागचा. वाकलाय तो. निघायचा नाही."

गार्ड अजून जागेवर होतं. बोल्ट वाकलाय हे त्यांना कुठून दिसलं, हे मी विचारलं नाही.

"बघते," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? सरक. ग्राइंडरने कापून देतो."

दादा, बोल्ट कापणाऱ्याला बाबा काय म्हणतात ते तुला माहीत आहे. खाटीक. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबलत असतानाही त्यांनी पंपाचे गंजलेले बोल्ट तेल घालघालून, शेकूनशेकून सोडवले आहेत, कापला एकही नाही. त्या माणसाने कोपऱ्यातला ग्राइंडर उचलला आणि वायर लावली.

ग्राइंडरला दोन हात लागतात, म्हणून काठी भिंतीला टेकवली. काठीशिवाय ते फार वेळ उभे राहू शकत नाहीत. मागच्या चाकाला कंबर टेकवून उभे राहिले. त्या वेळी इंजिनाचा निम्मा भार चेनपुलीवर होता, निम्मा त्या एका बोल्टवर, आणि मी खाली बोल्टजवळ उकिडवी बसले होते.

"बाबा, इंजिन लटकतंय. कापलंत तर झुलेल."

"मग तू बाजूला हो."

"होणार नाही."

"हो म्हणतो ना!"

आणि ग्राइंडर सुरू केला. शेडमध्ये त्याचा आवाज किती होतो ते तुला आठवत असेल. मी गार्डच्या फटीतून हात घालून नटावर पंजा ठेवला. मी धीट नाही. मला दुसरं काही सुचलं नाही एवढंच. बाबा माझ्या हाताकडे बघत होते आणि चकती फिरत होती. त्यांनी ती खालीही आणली नाही आणि बंदही केली नाही. आम्ही दोघंही तसेच राहिलो.

मग आवाज खाली येत येत थांबला. आईने प्लग काढला होता.

"दुपार गेली माझी या शेडमध्ये," वायर हातात धरून ती म्हणाली. "अजून चूल बघितलेली नाही. आता जे काय आहे ते बघूनच आत जायचं, सगळ्यांनी."

मी गार्ड काढलं. पुसलं. टॉर्च आईच्या हातात होता.

आता नीट वाच, कारण इथे मी शब्द मोजून लिहिते आहे. तुझी पिवळी रेघ मागच्या नटावरही होती. तू बोल्ट आवळला होतास. रेघ पान्याला टक् झाल्याशिवाय तू कधी ओढत नाहीस. पण इथे ती तुटलेली होती, नटावरचा तुकडा एकीकडे आणि चासीवरचा दुसरीकडे. बाबांची पांढरी रेघही होती, तीही तुटलेली. आता, नट आपोआप सैल झाला असता तर दोन्ही रेघा सारख्याच सरकल्या असत्या. इथे तसं नव्हतं. चासीवर पिवळी आणि पांढरी अगदी शेजारी होत्या, नटावर एकमेकींपासून लांब. म्हणजे पांढरी ओढली गेली तेव्हा पिवळी आधीच तुटलेली होती. तुझ्यानंतर, पांढऱ्या रेघेच्या आधी, कोणीतरी नट फिरवला. आणि मग तो हळूहळू सैल होत गेला.

 आपण समजतो की आईला रेघा वाचता येत नाहीत. तिने टॉर्च जवळ नेला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पांढरी नट फिरवल्यानंतरची आहे."

बाबांनी ग्राइंडर जमिनीवर ठेवला.

"आधी इंजिन खाली घ्या," म्हणाले. "लटकत्या वजनाखाली बोलायचं नाही."

हा त्यांचा नियम तुला माहीत आहे. काल पहिल्यांदा मला तो मोडावासा वाटला. पण मोडला नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. नट बोटांनी निघाला. पाना लागलाच नाही. बोल्ट खरंच वाकला होता. लाकडाचा तुकडा मध्ये धरून मी हातोडीने ठोकत तो थोडा थोडा बाहेर आणला. चासीतलं भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालं आहे. म्हणजे इंजिन काही काळ आत हलत होतं. मग मागे सरकलं, चेन सैल पडून उतरली, चक्रात अडकली आणि उतारावर मागची चाकं जाम झाली. बाबा पुढे फेकले गेले ते त्यामुळे.

बोल्ट सुटला तेव्हा माझी चूक कळली. साखळी मी इंजिनाच्या मध्यावर बांधली होती, मध्य मापून काढला होता. पण गिअरची बाजू जड असते. मापाचा मध्य आणि तोलाचा मध्य वेगळे, हे मी परीक्षेत दहा वेळा लिहिलं असेल. इंजिनाने शेपटी खाली टाकली, सरळ माझ्या पायाच्या दिशेने.

"पाय!" बाबा ओरडले.

मी पाय काढला. त्याच क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी ती बाजू खालून धरली. काठी भिंतीजवळ होती. सगळा भार त्या मोडून जुळवलेल्या खुब्यावर.

"सोड गं साखळी," ते आईला म्हणाले. त्यांचे दात आवळलेले होते. "हळू. हळू. थांब. अजून थोडी."

आई सोडत गेली. मी पुढची बाजू धरली. इंजिन खाली ठेवलेल्या जुन्या टायरवर बसलं, आणि बाबा तसेच वाकलेले राहिले, हात इंजिनावर.

"हे मोजलं नव्हतंस," म्हणाले.

"नव्हतं."

मी त्यांना काठी दिली. ते उलट्या डब्यावर बसले. पुढचं सगळं ते इंजिनाकडे बघत बोलले.

"मागचा फार कडक वाटला मला. पोरगा इंजिन बसवून गेला सामान आणायला, मी सहज पाना लावून बघितला. आटे जुने आहेत त्याचे, जास्त ताणाने गेले असते. तुमच्या त्या टक्-टक् पान्याला आटे कळत नाहीत. हाताला कळतं. म्हणून थोडा मागे घेतला."

"आणि रेघ ओढलीत."

"ओढली. आणि निघालो पंपाकडे."

"लक्षात कधी आलं?"

"दवाखान्यात. पडल्या पडल्या आठवत गेलं."

"दादा भेटायला आला त्याच्या आधी का नंतर?"

ते काठीचं रबर जमिनीवर घासत राहिले. आई म्हणाली, "सांगा."

"तो दारातूनच रडत आला. माझंच चुकलं म्हणाला. मागचा बोल्ट आवळल्याचं आठवत नाही म्हणाला. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"मग उघडायचं होतं," आई म्हणाली.

"उघडलं ना. म्हटलं, होतं असं."

होतं असं. दादा, मी तेव्हा वसतिगृहात होते, मी ते वाक्य फोनवर ऐकलं. पोराने पायाचा खुर्दा केला आणि बाप म्हणतो होतं असं, म्हणून नातेवाइकांनी त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं. तुला त्यांनी माफ केलं, आणि ती माफी घेऊन तू निघून गेलास.

आई उठली. "पोरगं माझं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिला चूल बघायची होती. आतून भांड्यांचा आवाज आला नाही. कसलाच आला नाही.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही लिहा त्याला."

"तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

"प्रश्न अक्षराचा नाही."

"काय लिहू?"

"केलंत ते."

तेव्हापासून त्यांच्यासमोर कागद आहे. आज दुपारपर्यंत त्यावर "चि." एवढं लिहून झालं आहे. टिंबावर पेन बराच वेळ टेकलेला दिसतो, शाई पसरली आहे.

मी त्यांच्या वतीने हे लिहीत नाही. त्यांची माफीही मागत नाही. ती माझ्याकडे नाही. मला त्यांचा राग आला आहे का, हेही मी आज लिहिणार नाही, कारण काल ज्या हातांनी माझा पाय वाचवला ते तेच हात आहेत आणि या दोन गोष्टींची वजाबाकी मला करता आलेली नाही. मी फक्त दिसलं ते लिहिलं. सोबत फोटो आहेत. पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत मागचा नट आहे. पिवळी आणि पांढरी, दोन्ही त्यावर आहेत. फोटोतल्या चासीच्या शेजारी धरून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः वाच.

*

सोमवार, सकाळ

पत्र काल बंद करणार होते. केलं नाही ते बरं झालं.

भंगारवाला आला. मी बाहेर जायच्या आत बाबा फाटकाशी पोहोचले होते. तो ताडपत्रीकडे बोट दाखवत म्हणाला, "काय काका, तयार आहे ना माल?"

"नाही द्यायचा."

"अहो, तुम्हीच तर बोलावलंत. गाडी रिकामी जाणार का माझी?"

"गाडी मुलाची आहे," बाबा म्हणाले. "त्याला विचारल्याशिवाय देता येत नाही. तेव्हा मी विसरलो होतो."

भंगारवाल्याने काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. बाबांनी ऐकून घेतलं. एरवी ऐकून घेणारा माणूस नाही तो.

आत आल्यावर मी त्यांच्यापुढे हे पत्र ठेवलं. म्हटलं, "पाठवायच्या आधी वाचा. चूक असेल तर सांगा." त्यांनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता, आणि वाचायला बसले. आई समोर बसली होती. परवापासून ती त्यांच्याशी फक्त "घ्या" आणि "सरका" एवढं बोलली आहे. नळ ठिबकत होता. बाबांनी एकही पान भराभर उलटलं नाही. ग्राइंडरच्या जागी जरा थांबले. मला वाटलं, म्हणतील की असं झालंच नाही. म्हणाले नाहीत. शेवटपर्यंत वाचलं, मग मागे गेले आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे चूक आहे."

"कोणतं?"

"दवाखान्यात. मी तसं सांगितलं खरं. पण ते चूक आहे." मग आईकडे बघून म्हणाले, "चेन उतरल्याचा आवाज आला ना, तेव्हाच कळलं मला. जमिनीवर पडायच्या आधी."

आईने त्यांच्याकडे पाहिलं.  मग उठून नळाखालची भरलेली वाटी ओतली आणि रिकामी परत ठेवली.

मी वरचा शब्द खोडलेला नाही. तपासणीत पहिली नोंद खोडायची नसते, दुरुस्ती खाली लिहायची असते. ही दुरुस्ती. म्हणजे तू दवाखान्याच्या दारात उभा राहून रडत होतास, तेव्हा त्यांना माहीत होतं. कधीतरी आठवलं असं नाही. माहीत होतं.

त्यांनी पेन मागितला. खाली जे वेडंवाकडं अक्षर दिसतंय ते त्यांचं आहे.

*मागचा बोल्ट तू बरोबर आवळला होतास. सैल मी केला.*

एवढं लिहायला त्यांना माझ्या चार पानांइतका वेळ लागला. "चि."च्या कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आहे. तो अजून लिहायचाय म्हणाले.

आपल्या शेडची हकिकत इतकीच. इंजिन टायरवर आहे, वर कापड घातलं आहे. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी आहे. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल, पण ती आता विचारत नाही. एकटीने ते परत बसवणं मला जमणार नाही, आणि जमलं तरी मी बसवणार नाही. तू येऊन बसवावंस असंही मी लिहीत नाही. यायचं की नाही, बाबांशी बोलायचं की नाही, हे तुझं आहे, आणि त्याला घाई नाही. आईला घाई आहे, पण ती तसं म्हणणार नाही, स्वेटरचं विचारेल.

घाई एका गोष्टीला आहे. देखभालीच्या कामाला हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय असं तू लिहिलं होतंस. म्हणून हे कुरिअरने पाठवते. नाही म्हणायचं असेल तर म्हण. पट्टे आवडत नाहीत म्हण, साहेब आवडत नाही म्हण, डबे मोजण्यात सुख आहे म्हण. हातांचं कारण मात्र देता येणार नाही. चारही बोल्ट पाहून झाले. तुझे हात मी तपासले आहेत, दादा. बरोबर आहेत.

आता पाकीट चिकटवते आहे. घडीवर माझी लाल रेघ ओढीन आणि शेजारी जागा सोडीन. बाबा समोर बसले आहेत. त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली काढली आहे, रंग तळाशी बसून घट्ट झालाय, ती ते हलवतायत. त्यांनी काय केलं ते पाकीट फोडण्याआधी तू पाहिलंच असशील.

तुझी
फूटपट्टी